चुली दोन, धूर एक

गावात कोणाच्या घरी भाऊ वेगळे निघायची भाषा सुरू झाली की सुशीलाबाईला बोलावणं यायचं. तिरोड्याहून बोदलकसाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून दीडशे-पावणेदोनशे घरांचं गाव, सगळी धानाची शेती. तिथं शेताच्या बांध्या वाटल्या तरी कोणाला काही वाटत नाही, बैलांची जोडी फुटली तरी चालतं. चूल वेगळी झाली की मात्र घर फुटलं म्हणतात. सुशीलाबाई त्या घरी जायची, छपरीत बसायची, आधी चहा प्यायची. मग सासूला दोन आणि सुनेला चार शब्द सुनवायची. शेवटी तिचं ठरलेलं वाक्य यायचं, "चूल फोडाले दोन विटा लागतात बाई. जोडाले जिंदगी पुरत नाई." पाच-सात घरं तरी तिच्यामुळे एकत्र राहिली असं गाव मानायचं, आणि तीही मानायची.

तिचं माहेर बिरसीचं. ती बारा वर्षांची असताना वडील आणि तीन काका एका वर्षात वेगळे झाले. वाटणीत त्यांच्याकडे गुरांचा कोठा आला. तिची आई पुढं मरेपर्यंत त्या कोठ्याच्या कोपऱ्यात एकटी बसून रांधायची, बाजूला गाय बांधलेली असायची. गायीच्या शेपटीचा फटकारा भाताच्या गंजाला लागू नये म्हणून आई एक हात नेहमी आडवा धरून बसे. सुशीलाबाईने हे कोणाला कधी सांगितलं नाही.

सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा उदाराम गेला आणि तेरवी होऊन महिना व्हायच्या आत तिच्याच घरात ती भाषा सुरू झाली. मोठा शालीकराम, त्याची बायको नूतन. धाकटा कैलाश, त्याची बायको दुर्गेश्वरी. भांडण लाखोरीच्या डाळीवरून निघालं. दुर्गेश्वरीचं म्हणणं, जाऊबाई स्वतःच्या पोराला खालची घट्ट डाळ वाढते आणि माझ्या पोरीला, खुशीला, वरचं पाणी. नूतन म्हणाली, मग आपली आपण शिजवून घ्यावी. सुशीलाबाईने दोघींना तेच सगळं ऐकवलं जे ती गावाला ऐकवत आली होती. दोघींनी मान खाली घालून ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी दुर्गेश्वरीने विटा आणल्या.

त्या विटा सुशीलाबाईने तिच्या हातून काढून घेतल्या. अंगणात चूल मांडू दिली नाही. स्वतः माती कालवली आणि रांधणीच्या खोलीतच, जुन्या चुलीपासून तीन हातांवर, दुसरी चूल घातली. दोन्ही चुलींची तोंडं एकमेकींकडे, मध्ये बसायची जागा. म्हणजे रांधताना दोघी सुनांची पाठ पाठीला यायची, एकमेकींचं तोंड पाहावं लागायचं नाही. आणि बाहेरून बघणाऱ्याला छपराच्या कवेलूतून निघणारा धूर एकच दिसायचा.

रेशन कार्डही तिने एकच ठेवलं. कैलाशने दोनदा वेगळं करायची गोष्ट काढली. तिने दोनदा ऐकलं नाही असं केलं. दुकानातून तांदूळ आला की दार ओढून घेऊन ती स्वतः पायलीने दोन ढीग करायची. सकाळी नूतनच्या चुलीवरचं जेवायची, संध्याकाळी दुर्गेश्वरीच्या. कुणाच्या भाजीला तिने कधी चांगलं म्हटलं नाही आणि कुणाच्या भाजीला नाव ठेवलं नाही. सहा वर्षं.

घराची पुढची बाजू विटांची होती. उदाराम जिवंत असताना सरकारी घरकुल मिळालं होतं, त्याच्याच नावावर. दोन खोल्या झाल्या आणि त्यात थोरल्याने राहायचं ठरलं. मागच्या दोन खोल्या मातीच्या, वर कवेलू, त्यात कैलाश. दोन पावसाळ्यांपूर्वी ऑगस्टात मागची भिंत बसली. कोणी खाली नव्हतं एवढंच. कैलाशने भिंतीच्या जागी बांबूचा ताटवा लावला, त्यावर ताडपत्री बांधली. तुळईला मधोमध खांब दिला. त्या खांबाला टेकून खुशी अभ्यास करायची.

कैलाश गोंदियाजवळच्या एका राईस मिलमध्ये कामाला होता. रोज जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. दुर्गेश्वरीचा भाऊ मिलजवळच फुलचूरला राहायचा आणि शेजारची खोली कधीची बघून ठेवली होती म्हणायचा. कैलाश आईपायी जात नव्हता. शेवटी नवरा-बायकोत ठरलं, आणि दुर्गेश्वरीने ते सासूला तिच्या तोंडावर सांगितलं. गावात घरकुलाचा नवा सर्व्हे होणार होता. त्यात नाव लागलं तर मागं दोन खोल्या बांधायच्या आणि इथंच राहायचं. नाही लागलं तर पुढच्या पावसाळ्याच्या आत फुलचूर.

"मी धमकी देऊन नाई राहिली, माय," दुर्गेश्वरी म्हणाली. "तो खांब पाहून मले झोप येत नाई."

सुशीलाबाईला झोप लागत होती असं नव्हतं.

सर्व्हेची माहिती जानेवारीच्या ग्रामसभेत दिली गेली. ग्रामसेवकांनी सांगितलं की बेघर आणि कच्च्या घरातली कुटुंबं मोजायची आहेत. तो आकडा ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात जाईल आणि त्यावरून गावाचं घरकुलांचं उद्दिष्ट ठरेल. कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. एका चुलीला एक नाव. सुशीलाबाई त्या दिवशी बिरसीला भाचीच्या लग्नाला गेली होती. तिच्या कानावर एवढंच आलं की तिरोड्याचे साहेब पडकी घरं पाहायला येणार आहेत.

ते आले फेब्रुवारीत, मंगळवारी, दहाच्या सुमाराला. सोबत गावचा रोजगार सेवक हेमेंद्र, हातात मोबाईल. आठवीत नापास झाला तेव्हा सुशीलाबाईनेच बापाच्या मारातून सोडवलेला हा पोरगा. कैलाश मिलमध्ये होता, शालीकराम तिरोड्याला, दुर्गेश्वरी लाखोरी उपटायला बांधीत. घरी सुशीलाबाई आणि नूतन. साहेब गल्लीत शिरल्याचं कळलं तसं सुशीलाबाईने मागची ताडपत्री सोडून गुंडाळून ठेवली. पडकी भिंत नीट दिसावी. मग रांधणीत आली. तिथं तिने थोडा वेळ उभ्या उभ्या विचार केला आणि धान भरायचा मोठा टोपला दुर्गेश्वरीच्या चुलीवर पालथा घातला. त्यावर पाट ठेवला, पाटावर कोचईची म्हणजे अळूची पानं. नूतन चहाचं आधण ठेवत होती. तिने पाहिलं, आणि पुन्हा आधणाकडे पाहिलं.

साहेबांच्या मागे मोहल्ल्यातल्या चार बाया आल्याच. त्यात शेजारची अनुसयाबाई. पंधरा दिवसांपूर्वी अनुसयाबाईच्या सुनेने वेगळी चूल मागितली होती. तेव्हा सुशीलाबाईने तिच्या अंगणात उभं राहून सासू-सुनेला असं झापलं होतं की अनुसयाबाई रडली होती.

हेमेंद्रने भिंतीचा फोटो काढला, खांबाचा काढला. साहेब "अरे अरे" म्हणाले. सुशीलाबाईला बरं वाटलं. मग हेमेंद्र रांधणीच्या दाराशी आला. मोबाईलकडे बघतच त्याने विचारलं, "काकी, चुली किती तुमच्या घरी?"

अनुसयाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने पदर नीट केला.

"एकच," सुशीलाबाई म्हणाली. "दुसरी कायले पायजे?"

हेमेंद्रने मान वर केली. त्याने टोपल्याकडे पाहिलं, कोचईच्या पानांकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. तीही त्याच्याकडे बघत राहिली. त्याने जुन्या चुलीचा फोटो काढला. नूतनने सगळ्यांना चहा दिला. अनुसयाबाई कपात फुंकर मारत म्हणाली, "काकीच्या घरचा चहा म्हणजे एकीचा चहा. गोड लागतेच." बाया हसल्या. सुशीलाबाईही हसली.

साहेब गेल्यावर तिने टोपला उचलून जागेवर ठेवला. त्या संध्याकाळी दुर्गेश्वरीने त्याच चुलीवर कोचईच्या वड्या केल्या. भिंत पाहून साहेब काय म्हणाले हे सासूने दोनदा सांगितलं, आणि तिने दोनदा ऐकून घेतलं. त्या घरात इतकं बोलणं खूप दिवसांनी झालं होतं.

महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा समाजमंदिरात झाली. ऊन मी म्हणत होतं. पंखे दोनच, त्यामुळे माणसं पंख्यांखाली गोळा झाली आणि बाया भिंतीकडे. ग्रामसेवकांनी आराखडा वाचला. गावात घराची गरज असलेली कुटुंबं एकोणसाठ. यंदाचं उद्दिष्ट चौदा. बाकीची यादी क्रमाने पुढच्या वर्षांत. मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, "चौदा लोकं घरात झोपतीन, त बाकीच्यायनं का उद्दिष्टात झोपावं, साहेब?" हशा झाला. ग्रामसेवकही हसले आणि एकोणसाठ नावं वाचू लागले.

कैलाशने त्या दिवशी मिलमधून सुट्टी घेतली होती. त्याला वाटत होतं, चौदात नसलं तरी विसात-पंचविसात असेल. नावं संपली. तो उभा राहिला. त्याने आवाज न चढवता विचारलं की माझं कुठं आहे.

हेमेंद्रने मोबाईलमध्ये शोधलं. बराच वेळ शोधलं. मग खाली बघत वाचलं, "सुशीलाबाई उदाराम. कुटुंब एक, चूल एक. आधी लाभ घेतलेला. अपात्र."

"चूल एक?" कैलाश म्हणाला. "कोणं सांगतलं?"

हेमेंद्र पुन्हा मोबाईलवर बोट फिरवू लागला. त्याने बायांच्या बाजूला पाहिलंही नाही. पण कैलाशने पाहिलं, आणि मग हळूहळू सगळ्यांनी.

सुशीलाबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून उठायला तिला वेळ लागला. चाळीस वर्षं ती लोकांच्या अंगणात उभी राहून बोलत आली होती. समाजमंदिरात कधी बोलली नव्हती.

"मीच सांगतली," ती म्हणाली. "आमच्या घरी चुली दोन हायेत. सहा वरसं झाले. त्या दिवशी एक मी टोपल्याखाली झाकली होती."

कोणाला आश्चर्य वाटलं नाही. तेच तिला सगळ्यात जड गेलं. अनुसयाबाई शेजारीच बसली होती. ती खालच्या आवाजात म्हणाली, "आमाले त मालूमच होतं, बाई. सगऱ्या गावाले मालूम होतं. तुमी बोलत नोहता म्हणून आमी बोलत नोहतो." तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ग्रामसेवक वाईट माणूस नव्हते. त्यांनी समजावून सांगितलं. सर्व्हेचं ॲप आता बंद झालं आहे. एकोणसाठ हा आकडा पंचायत समितीत गेला, तिथून जिल्ह्याला. आता तो साठ करायचा तर एकट्या गावाच्या हातात नाही. अर्ज द्या, चौकशी लागेल तेव्हा पाहू. पुढचा विषय नालीचा होता.

बाहेर आंब्याखाली हेमेंद्र तिची वाट बघत थांबला होता. तिने त्याला सरळ विचारलं, तुला ठाऊक होतं तर लिहिलं काऊन नाही.

"मालूम होतं, काकी," तो म्हणाला. "टोपल्याखालून राख सांडली होती. पण तुमच्या तोंडावर तुमाले खोटी कसा म्हणू? चार बाया उभ्या होत्या."

तिला त्याच्यावर रागावता आलं नाही. त्याच्या जागी ती असती तर तिनेही तेच केलं असतं. हे गाव असंच चालत आलं होतं; तिनेच तर चालवलं होतं.

घरी दुर्गेश्वरी भांडली नाही. सुशीलाबाई भांडणाची वाट बघत राहिली, कारण भांडणात तिला काय बोलायचं ते येत होतं. दुर्गेश्वरीने डबे रिकामे केले, पुसले, एकात एक घातले. हळद-तिखटाच्या पुड्या बांधल्या. शालीकरामने भावाला म्हटलं की पुढची एक खोली तुम्ही घ्या. तो मनापासून म्हणाला, पण नूतन त्या वेळी तिथंच उभी होती आणि कैलाशने तिच्याकडे पाहून नको म्हटलं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात छोटा हत्ती टेम्पो आला. जायच्या दिवशी सकाळी दुर्गेश्वरीने स्वतःची चूल शेणामातीने सारवली, बोटांनी कड काढली. सासूच्या पाया पडली.

"तुमी भिंत दाखवली अन् चूल झाकली, माय," ती म्हणाली. "भिंतीले कोणी घर देत नाई."

खुशी गाडीत पुढं बसली होती. तिने तो खांब फोटोत काढून घेतला होता, मैत्रिणींना दाखवायला.

मग सुशीलाबाई दोन्ही वेळा नूतनकडे जेवू लागली. नूतन काही कमी करत नव्हती. फक्त आता सासूचं ताट वाढून ठेवलेलं असायचं, किती हवं ते विचारायचं राहून जायचं. कोणाच्या घरी वेगळं निघायची भाषा सुरू झाली तरी सुशीलाबाईला बोलावणं येईनासं झालं. अनुसयाबाईच्या सुनेने पोळ्याच्या सणानंतर अंगणात उघड चूल मांडली. सुशीलाबाई त्या अंगणावरून गेली, थांबली नाही.

पावसाळ्यात मागच्या खोलीचे कवेलू सरकले आणि खांब तेवढा उभा राहिला.

अर्ज तिने दिला होता. हेमेंद्रने लिहून दिला, तिने अंगठा न लावता मोडक्या अक्षरात सही केली. दर पंधरवड्याला ती ग्रामपंचायतीत जाऊन बसायची. काय झालं हे विचारायचीही नाही, बसून परत यायची. धान कापणी झाल्यावर डिसेंबरात हेमेंद्र सांगत आला की सोमवारी चौकशीला एक मॅडम येतील. खरंच दोन चुली आहेत का, पाहतील.

तिने शनिवारीच दुर्गेश्वरीच्या चुलीतला कोळिष्टकांचा गुंता काढला. लाकडं आणली. नूतनने विचारलं काय करून राहिल्या, तर म्हणाली, थंडी पडली. पण नूतनला कळलं असावं, कारण तिने स्वतःहून एक गंज आणि दोन पातेली आणून त्या चुलीजवळ ठेवली. शनिवारी, रविवारी आणि सोमवारी सकाळी सुशीलाबाईने त्या चुलीवर चार माणसांचा भात रांधला. चूल वापरातली दिसली पाहिजे होती. नव्या राखेचा रंग वेगळा असतो, आणि बाईमाणूस पाहायला आली तर तिला ते कळलं असतं.

मॅडम तिशीतली होती, घाईत होती, पण नीट बोलणारी. तिने दोन्ही चुलींचे फोटो काढले. शेजारणींना विचारलं. अनुसयाबाई पुढं होऊन म्हणाली, "दोन चुली हायेत मॅडम. दोन्ही पेटतात. आमी रोज धूर पाहतो न." सुशीलाबाईने तिच्याकडे पाहिलं. अनुसयाबाई दुसरीकडे बघत होती.

"ठीक आहे," मॅडम म्हणाली. "मग या चुलीवर जेवणाऱ्यांना बोलवा. चेहऱ्याचा फोटो लागतो."

गंजातला भात वाफाळत होता.

हेमेंद्रने कैलाशला फोन लावला, आवाज मोठा करून मॅडमसमोर धरला. मागं मिलचा घरघराट येत होता. हेमेंद्रने सांगितलं की अर्ध्या तासासाठी या, दोघं या, फक्त चेहरा दाखवायचा आहे, काकीने चूल पेटती ठेवली आहे.

"मायले सांग, चूल विझव," कैलाश म्हणाला. "पोरीची शाळा इकडे झाली. आता आमाले नाई पायजे."

मॅडमने लिहिलं, सदर कुटुंब गावात राहत नाही. मग तिला काहीतरी जाणवलं असावं, तिने म्हातारीला विचारलं की तुम्ही कोणत्या चुलीवर जेवता. सुशीलाबाईने गंजावर झाकण ठेवलं. मॅडम थांबली, मग मोबाईल पर्समध्ये ठेवून गेली. अनुसयाबाईही गेली. जाता जाता तिने दारातली सुशीलाबाईची चप्पल सरळ करून ठेवली.

दुपारी नूतनने हाक दिली, "माय, जेवाले या."

सुशीलाबाई उठली नाही. चार माणसांचा भात तसाच होता; अन्न टाकायची तिला सवय नव्हती. तिने त्यातला थोडा ताटात घेतला, मीठ घातलं आणि त्या चुलीसमोर बसून खाल्ला. संध्याकाळीही तोच खाल्ला. मंगळवारी उरलेल्याला पाणी घालून पेज केली. नूतनने दोन दिवस ताट वाढलं आणि झाकून ठेवलं. तिसऱ्या दिवशी वाढलं नाही.

तिसऱ्या दिवशी सुशीलाबाईने मूठभर तांदूळ निवडले, धुतले आणि लहान पातेलं चुलीवर चढवलं. तीन हातांवर नूतन पाठ करून डाळीला फोडणी देत होती. लाकूड ओलं होतं, पेटेना. फुंकणी घेऊन सुशीलाबाई वाकली, आणि वाकताना तिचा एक हात आपसूक पातेल्याच्या आड आडवा झाला. तिथं गाय नव्हती. हात मात्र तिने तसाच राहू दिला.

बाहेर कवेलूतून धूर एकच निघत होता.